खालच्या पट्टीतल्या गुप्तेबाई

गुप्तेबाई रागावल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. इतरांचा वर जातो, त्यांचा खाली. फारच रागावल्या तर इतका खाली, की समोरच्याला स्वतःचं बोलणं थांबवून मान पुढे करावी लागायची. एकदा त्यांच्या जिन्यात गॅस सिलेंडरवाला आणि तळमजल्यावरचे एक गृहस्थ हमरीतुमरीवर आले होते. बाई दुसऱ्या मजल्यावरून कठड्याला धरून उतरल्या, दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या. दोघंही एकदम म्हणाले, "काय?" बाई पुन्हा तेवढ्याच आवाजात बोलल्या. मी मासळीची पाटी घेऊन खाली उभी होते, मला काही ऐकू आलं नाही. पण सिलेंडर मुकाट वर गेला. मी नंतर विचारलं, "बाई, काय म्हणालात हो?" तर म्हणाल्या, "काही नाही गं. सिलेंडर जड आहे, आधी ठेवून ये, मग निवांत भांडा, एवढंच म्हटलं."

मी माहुलच्या कोळीवाड्यातली. शाळा चौथीपर्यंत झाली. लग्न झाल्यापासून सुकी मासळी घेऊन घाटकोपरच्या बिल्डिंगींमध्ये जाते. या धंद्याला आवाज लागतो. आमच्यातल्या बायका गेटवरून एक हाक देतात आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या उघडतात. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत जेमतेम पोचतो. म्हणून मी जिने चढायची, बेल वाजवायची आणि दार उघडलं की म्हणायची, "सुकट, बोंबील, जवळा." समोरून हमखास यायचं, "काय? मोठ्यानं बोल ना!" मग पुन्हा म्हणायची, तर दुसऱ्यांदा आवाज आणखी आत जायचा.

गुप्तेबाईंनी पहिल्या दिवशी दार उघडलं, माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, "बोंबील कडक आहेत ना? मागच्या बाईनं ओले दिले होते." बस. "काय?" म्हणाल्या नाहीत. घाटकोपरात इतकी वर्षं फिरत होते, पण पहिल्याच बोलण्याला उत्तर देणारी ही पहिली बाई. तेव्हापासून मी त्यांच्या मजल्यावर सगळ्यात शेवटी जायची, म्हणजे थोडं बसता येईल.

घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ. दोघांनीही लग्न केलेलं नव्हतं. भाऊंना सगळी बिल्डिंग भाऊच म्हणायची. ते डाव्या कानानं ठार बहिरे. बाईंना त्यांना काही सांगायचं असलं तर त्या स्वयंपाकघरातून उठून, अख्खी खोली ओलांडून, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन सांगायच्या. चहा हवा का, एवढंच विचारायलासुद्धा. मी म्हटलं, "बाई, एवढ्या चालता, त्यापेक्षा जरा मोठ्यानं विचारा की." तर म्हणाल्या, "उजवीकडे दार उघडं आहे, तर मी भिंतीवर कशाला डोकं आपटू?"

त्यांची उभी नोकरी टेलिफोनमध्ये गेली होती. कानाला हेडफोन लावून लाईन जोडायच्या. तेव्हा बाहेरगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवून तासन्‌तास थांबावं लागे. लोक वैतागायचे, शिव्या द्यायचे, रडायचे. कुणाच्या घरी माणूस शेवटच्या घटका मोजत असायचा आणि लाईन लागत नसायची. बाई सांगायच्या, "समोरचा ओरडला आणि आपणही ओरडलो की तो फक्त आवाज ऐकतो. शब्द त्याच्या कानात जातच नाहीत. मग मी काय करायची? एकच वाक्य. 'लाईन लावते आहे, आपण थांबा.' पहिल्यांदा जसं म्हटलं तसंच दुसऱ्यांदा, तसंच तिसऱ्यांदा. गंमत सांगू? बहुतेक माणसं तिसऱ्यांदा ऐकतात. आणि आपण बहुतेक दुसऱ्या वेळेलाच चिडतो."

बाई गेल्या त्याला आता सात महिने होतील. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. पेपरात त्यांच्यावर कुणी लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही त्यांनी केलं असं कुणाला वाटलंही नसेल. मला वाटतं. त्यांनीच मला एक वही दिली होती, तिची मागची पानं कोरी आहेत. त्यांतच हे लिहिते आहे.

ती वही कशासाठी दिली ते सांगते, म्हणजे बाई कशा होत्या ते कळेल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याच्या शेवटी, होड्या वर ओढायच्या सुमाराला, माझी मुलगी श्रावणी धक्क्यावरून कुत्र्याचं एक पिल्लू घेऊन आली. जेमतेम दोन महिन्यांचं, पांढरं, अंगावर विटकरी डाग, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. आल्या आल्या त्यानं माझ्या पाटीत तोंड घातलं आणि मूठभर सुकट गट्ट केली. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, एवढं हसू आलं की त्यांनीच नाव ठेवलं, सुकट्या.

नाव ठेवलं म्हणजे ते पोर घरचं झालं. इंजेक्शनं वगैरे सगळं श्रावणीनं बापाच्या मागे लागून करून घेतलं. पण पंधरा दिवसांत माझा, नवऱ्याचा, श्रावणीचा, एकाचाही हात शाबूत राहिला नाही. सुकट्या चावायचा. रागानं नाही, शेपूट हलवत चावायचा. हात दिसला की हात, बोट दिसलं की बोट. दात सुईसारखे. श्रावणी किंचाळायची, हात मागे ओढायची, की तो दुप्पट जोरानं उडी मारायचा. नवरा त्याला पेपरची गुंडाळी दाखवायचा, तो पेपर फाडायचा. शेजारच्या पार्वतीकाकींनी उपाय सांगितला, हाताला मशेरी चोळून ठेव, एकदा चाखली की विसरेल. चोळली. सुकट्या सात वेळा शिंकला आणि आठव्यांदा चावला.

आमच्याकडे नको असलेलं कुत्रं मारत नाहीत. होडीत घालतात आणि खाडीच्या पलीकडे सोडून येतात. पाण्यातून वास लागत नाही म्हणून ते परत येत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून सुकट्याला दोन महिने मिळाले. नवऱ्यानं एका संध्याकाळी अंगठ्याचं रक्त पुसत सांगून टाकलं, "नारळी पुनवेला होडी पाण्यात जाईल. तोवर सुधारला तर ठीक. नाय तर पहिल्या फेरीला ह्यालाच नेतो." श्रावणी जेवली नाही. नवरा वाईट माणूस नाही. त्याच्या हातांवर घर चालतं, फाटक्या हातानं जाळं ओढता येत नाही, हे मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गुप्तेबाईंकडे बोंबील मोजताना त्यांनी माझा हात धरला. मनगटापर्यंत ओरखडे. म्हणाल्या, "हे काय? मांजर का?"

"कुत्र्याचं पिल्लू आहे, बाई."

"आणि तुम्ही काय करता?"

"ओरडतो."

"कोण ओरडतं?"

"सगळेच."

बाई हसायला लागल्या. हसणंही त्यांचं बिनआवाजाचं, फक्त खांदे हलायचे. "म्हणजे त्या बिचाऱ्याला वाटतं, काय मजेचं घर आहे! दात लावला की चारही माणसं गाणं म्हणतात." बाईंनी तरुणपणी तीन कुत्री वाढवली होती. मग त्यांनी कपाटातून एक वही काढली, आडव्या रेघांची, आणि माझ्या हातात दिली. "आठ दिवस काही करू नकोस. चावला की लिही. किती वाजता, कुणाला, त्या वेळी तो माणूस काय करत होता. एक्स्चेंजमध्ये लाईन बिघडली की आम्ही आधी ठोकाठोकी करत नव्हतो. कधी बिघडते ते लिहायचो."

मी म्हटलं, "बाई, माझं अक्षर..."

"अक्षर कुत्र्याला दाखवायचं नाहीये."

मी लिहिलं. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच एवढं लिहिलं. ती पानं अजून याच वहीत पुढे आहेत. 'सकाळ ७. श्रावणी. पाटी भरू लागत होती. हात.' 'संध्या. ६. मी. सुकट निवडत होते. हात.' 'संध्या. साडेसहा. हे. चहा पीत होते. अंगठा.' 'संध्या. ७. मी. बोट.' असं दीड पान भरलं.

आठ दिवसांनी बाईंनी चष्मा लावून ते दीड पान असं वाचलं, जसं कुणी कोर्टाचा कागद वाचावा. मग म्हणाल्या, "तू दुपारी घाटकोपरला असतेस. तेव्हा घरी श्रावणी असते. दुपारी एकदाही नाही. का गं?"

मी पान उलटून बघितलं. बाईंनी माझा हात पुन्हा धरला, पण या वेळी नाकाजवळ नेला. "तुझ्या हाताला कसला वास येतो, तुला कळतो का?"

खरं सांगते, मला कळत नव्हता. आम्हा कोळणींना तो वास येतच नाही, तो आमच्या अंगाचाच झालेला असतो. घरी आलं की पाटी उतरवायची, सुकट निवडायची, खाडीतले बोय मासे मिळाले तर साफ करायचे आणि त्याच हातानं पिल्लाला कुरवाळायचं. शिवाय मासळी साफ करताना मुंडकी, कल्ले सुकट्याकडे टाकायचे, आणि तेही विळीवर बसल्या बसल्या हातातूनच. माझ्या सासूनं तसंच केलं, तिच्या सासूनंही तसंच केलं असणार.

बाई म्हणाल्या, "तो तुझा हात चावतच नाही. तो मासळी खातो आहे. तूच त्याला शिकवलंस, की हात म्हणजे ताट."

मला एवढी शरम वाटली. तीन आठवडे आम्ही त्या जीवावर आमच्याच चुकीसाठी ओरडत होतो.

मग बाईंनी चार गोष्टी सांगितल्या आणि मला घोकायला लावल्या. हात आधी चिंच लावून धुवायचे, मग पिल्लाला शिवायचं. खायला जे द्यायचं ते थाळीत, हातातून एक कणही नाही. जुन्या जाळ्याचा दोर गाठ मारून भिजवून फ्रीजमध्ये गार करायचा आणि तो चावायला द्यायचा, कारण दात येत असतात, हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावणं त्याला भागच आहे. आणि दात लागलाच तर किंचाळायचं नाही. हात ढिला सोडायचा, एकच शब्द म्हणायचा आणि पाठ फिरवायची. वीस मोजेपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

"कोणता शब्द?" मी विचारलं.

"आत्ता काय म्हणता?"

मी आठवून सांगितलं. मी म्हणते 'नको रे', श्रावणी म्हणते 'आई गं', नवरा म्हणतो 'हट', आबा लांबून म्हणतात 'मेल्या'.

"चार माणसं, चार नंबर," बाई म्हणाल्या. "कुठे लागायची लाईन? एकच शब्द ठरवा. सोड. आणि ऐक, तो शब्द तू म्हणायचास. बाकीच्यांनी तुझ्यासारखा म्हणायचा."

"माझ्यासारखा? माझा आवाज..."

"तुझा आवाज खाली आहे म्हणूनच. या कामाला असाच आवाज लागतो. मला नोकरीत तो शिकून घ्यावा लागला, तुला आयता मिळालाय."

माझ्या आवाजाला कुणी चांगलं म्हटलं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं. मी परत जाताना बसमध्ये तो शब्द मनात म्हणत होते. सोड. सोड. सोड.

त्या आठवड्यात आमच्या घरात येणाऱ्याला वाटलं असेल, सगळ्यांना शिक्षा झाली आहे. सुकट्यानं दात लावला की मी म्हणायची "सोड" आणि भिंतीकडे तोंड करून उभी. श्रावणी पलीकडच्या भिंतीला. सुकट्या मध्ये बसून एकदा माझ्या पाठीकडे, एकदा तिच्या पाठीकडे बघायचा. पार्वतीकाकी वाटी मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अगो, येडी झालीस काय? भिंतीशी काय बोलतंस?" मी म्हटलं, "चौदा, पंधरा, सोळा..." त्या वाटी न घेताच गेल्या.

पण फरक पडला. आधी दिवसाला सात वेळा, मग पाच, मग चार. सुकट्या दात टेकवायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मग धावत जाऊन दोराची गाठ घेऊन यायचा. दर खेपेला मी वहीतलं पान बाईंना दाखवायची. बाई पान बघायच्या, भाऊंच्या उजव्या बाजूला जाऊन सांगायच्या, "आज तीनच," आणि भाऊ वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "छान. आता शेअर बाजारापेक्षा हेच वाचावं." मी कितीदा म्हटलं, बाई, एकदा येऊन बघा त्याला. त्या म्हणायच्या, "गुडघे नाही म्हणतात. आणि मी बघून काय करू? तू बघते आहेस ना."

पुनवेला दहा दिवस उरले असतील, तेव्हा वाट लागली. पार्वतीकाकींचा तीन वर्षांचा नातू, वेद, आमच्या ओट्यावर खेळत होता. हातात काही नव्हतं. सुकट्यानं त्याचं बोट धरलं. रक्त नव्हतं आलं, दात उमटले होते. साबणानं धुऊन आम्ही त्याला लगेच दवाखान्यात नेलं. पोराचं रडणं तिथे पोचेपर्यंत थांबलंही. पण गल्ली जमली. पार्वतीकाकी म्हणाल्या, "आपल्या घरचं पोर आपण सोसतो गो, लोकांचं कसं सोसावं?" त्यांचं खोटं नव्हतं. नवरा मला काही बोलला नाही. होडीला रंग द्यायला गेला, तेव्हा श्रावणीला फक्त म्हणाला, "त्याच्यासाठी पलीकडे चांगली जागा बघून सोडीन. उपाशी नाय राहायचा." ते ऐकून माझा जीव आणखी खाली गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

बाईंकडे गेले तर पाटी उतरवायच्या आधीच डोळे भरले. बाईंनी पाणी दिलं. वही मागितली. वाचून म्हणाल्या, "तू, श्रावणी, तुझा नवरा, तिघांना गेले सहा दिवस एकदाही नाही. पण आबांच्या नावावर एकही नोंद नाही. पहिल्या दिवसापासून नाही. त्यांना चावत नाही का?"

"नाही बाई. आबांचा तो लाडका."

"मासळी आता कोण साफ करतं?"

"आबा," मी म्हटलं. पावसाळ्यात आबा रिकामे असतात. संध्याकाळी ओट्यावर विळी घेऊन बसतात आणि एक एक मुंडकं स्वतःच्या बोटांनी सुकट्याच्या तोंडात घालतात. मला दिसत होतं. पहिल्या दिवसापासून दिसत होतं. वेदही त्यांच्याच शेजारी बसून गंमत बघायचा, मग आपलं रिकामं बोटही तसंच पुढे करायचा.

"मग तू त्यांना सांगितलंस?"

"बाई, ते सासरे आहेत माझे. सतरा वर्षांत मी त्यांच्यापुढे जेवायला वाढलंय, दुसरं काही बोलले नाही."

बाईंचा आवाज तेव्हा खाली गेला. मला मान पुढे करावी लागली. "कुत्र्याला सांगून झालं. त्याचं काम त्यानं केलं. आता माणसाला सांगायचं आहे. तोच आवाज, तेवढेच शब्द. ते पिल्लू होडीत बसेल ना, ते त्याच्या दातांमुळे बसणार नाही. तू गप्प बसलीस म्हणून बसेल."

मला ते लागलं. लागावं म्हणूनच त्या बोलल्या होत्या. मग लगेच उठल्या आणि म्हणाल्या, "चल, तालीम करू." मला भाऊंच्या समोर उभं केलं. भाऊ वर्तमानपत्र वाचत होते, त्यांना काही ठाऊक नाही. "हे आबा. सांग."

मी म्हटलं, "आबा, हातातून देऊ नका. थाळीत द्या."

भाऊंनी वर बघितलं. "काय म्हणते ही?"

"पुन्हा," बाई म्हणाल्या. "तेवढ्याच आवाजात. उजवीकडून."

"आबा, हातातून देऊ नका. थाळीत द्या."

भाऊ गोंधळून म्हणाले, "नाही देत बुवा. पण काय?"

मला रडता रडता हसू आलं. बाईंचे खांदे हलत होते. म्हणाल्या, "बघ, एक म्हातारा ऐकला. दुसराही ऐकेल. फक्त तिसऱ्यांदापर्यंत टिक."

त्या संध्याकाळी आबा ओट्यावर बसले, सुकट्या समोर. मी आतून थाळी आणली आणि त्यांच्या शेजारी ठेवली. म्हटलं, "आबा, हातातून देऊ नका. थाळीत द्या." आबा हसले. "अगो, बारकं हाय ते. दोन मुंडकी खाल्ली तर काय बिघडलं?" आणि हातातूनच दिलं. मी आत आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थाळी, पुन्हा तेच वाक्य. या वेळी आबांनी विळी खाली ठेवली. "मना शिकवतंस तू? माज्या ओट्यावर?" सगळी गल्ली ऐकेल एवढा आवाज. नवरा आतून बाहेर आला. श्रावणी दाराआड. पण मी आत गेले नाही. आवाज वरही गेला नाही, खालीही गेला नाही. म्हटलं, "तुमच्या हातानं खातो, म्हणून दुसऱ्याचा हात धरतो. पुनवेला त्याला सोडतील, आबा." आबा उठून धक्क्यावर निघून गेले. मुंडकी विळीपाशीच राहिली. नवरा माझ्याकडे असा बघत होता, जशी मी दुसऱ्या कुणाची बायको आहे.

तिसऱ्या दिवशी मी थाळी घेऊन गेले. वाक्य बोलायला तोंड उघडलं तर आबांनी हात वर केला. "आयकलं," म्हणाले. थाळी जवळ ओढली. एक मुंडकं उचललं, सवयीनं हात सुकट्याकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि मुंडकं थाळीत टाकलं. सुकट्यानं आधी आबांचा हात हुंगला. दात लावला नाही. मग थाळीकडे गेला. मी आत येऊन, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, फ्रीजला धरून उभी राहिले.

मी घाटकोपरला जाऊन हे बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तिसऱ्यांदा आवाज चढला?"

"तिसऱ्यांदा बोलावंच लागलं नाही, बाई."

त्यांनी वही मिटून मला दिली. उठल्या, भाऊंच्या उजव्या बाजूला गेल्या आणि पूर्ण गोष्ट पहिल्यापासून सांगितली, थाळीसकट. मी ऐकत बसले होते. स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला ती मोठ्या बाईची वाटली.

उरलेले दिवस आबाच सुकट्याचे मास्तर झाले; 'थांब' हा दुसरा शब्द तेवढा मी शिकवला. वेदला मांडीवर घेऊन त्यांनीच त्याला मूठ मिटायला शिकवलं. "बोट नाय दाखवायचा रे. मूठ. आनि बोल, सोड." तीन वर्षांचं पोर 'शोड' म्हणायचं आणि सुकट्या मागे सरकून बसायचा. पार्वतीकाकी दारातून बघायच्या. चौथ्या दिवशी, न मागता, एक बोंबील घेऊन आल्या. थाळीत ठेवला.

पुनवेच्या दिवशी बाई आल्या. गुडघ्यांना न विचारता, भाऊंना घेऊन, रिक्षा करून माहुलला आल्या. निळी साडी, केसांत एक अबोलीचं फूल. धक्क्यावर होड्या रंगवून, फुलं बांधून उभ्या होत्या. बँड वाजत होता, पोरं नाचत होती. आबांनी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ दर्याला वाहिला. मी बाईंना खुर्ची दिली, करंजी दिली. सुकट्या गर्दीतून आला. चार-पाच पोरांचे हात त्याच्या तोंडासमोरून गेले, करंजीच्या सारणानं माखलेले. त्यानं सगळे हुंगले आणि एकही धरला नाही.

होडीत चढायच्या आधी नवरा बाईंसमोर आला. हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी शिकवलंत म्हणून राहिला हा. नाय तर आज माझ्यासोबत पलीकडे होता."

बाईंनी खाली बघितलं. सुकट्या त्यांच्या चपलेचा वास घेत होता. "हाच का तो?" म्हणाल्या. "मला वाटलं होतं, काळा असेल." मग मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. बँड चालू होता, त्यांचा आवाज नेहमीएवढाच. नवऱ्याला वाकावं लागलं, आबाही वाकले, पार्वतीकाकी पुढे सरकल्या. "ह्याला मी आज पहिल्यांदा बघते आहे. माझा हातही ह्याला कधी लागलेला नाही. शिकवलंय तुमच्या बायकोनं. ह्याला आणि..." बाई थांबल्या, आबांकडे बघून हसल्या.

"बोला, बोला बाई," आबा म्हणाले. "मना पन शिकवला तिनंच."

सगळे हसले. चारचौघांत माझं नाव निघालं की मला कुठेतरी लपावंसं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही. मी बाईंच्या खुर्चीला हात लावून उभी राहिले आणि जे माझ्याकडे बघत होते त्यांच्याकडे बघितलं.

नवऱ्यानं दोर सोडला आणि होडीत उडी घेतली. सुकट्या त्याच्या मागे धावला, धक्क्याच्या अगदी कडेपर्यंत, उडी मारायच्या बेतात.

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला. बसला. आणि होडी त्याला न घेता गेली.